नौदलाच्या शाळेत आपल्या पोरांनी काय शिकायचं?

मागच्या भरतीच्या वेळची गोष्ट. तास संपल्यावर एक विद्यार्थी मोबाईल घेऊन टेबलाजवळ आला. नौदलाच्या अग्निवीर भरतीची माहिती त्यानं उघडलेली होती. दहावीच्या पात्रतेवर जी ‘मॅट्रिक रिक्रूट’ म्हणजे एमआर शाखा असते, तिच्यात तीन कामं दिली होती : शेफ, स्टुअर्ड आणि हायजिनिस्ट. पहिली दोन त्याला कळली होती. तिसऱ्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, “सर, हे दवाखान्यातलं काही असतं का?”

मी त्याला खालचा मजकूर समजावून सांगितला. हायजिनिस्टनं स्वच्छतागृहं आणि इतर जागा स्वच्छ ठेवायच्या. त्याला शस्त्र चालवण्याचंही प्रशिक्षण मिळतं आणि जहाजावरची इतर कामंही दिली जातात. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आमच्या आजोबांचंच काम. फक्त जहाजावर.”

त्याचे आजोबा नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. वडील रिक्षा चालवतात. घरात बारावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच, आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. नौदलात तांत्रिक कामं ज्या शाखेतून मिळतात त्या एसएसआर शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. त्याच्या गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखाच नव्हती. जहाजावर तो इंजिनापाशी उभा राहणार की संडासापाशी, याचा निकाल भरतीच्या दिवशी लागलेला नाही. तो अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच लागला होता.

नौदलातल्या शिक्षण-प्रशिक्षणाचं भविष्य कसं असावं, यावर बोलणारे लोक सहसा सिम्युलेटर, ड्रोन, पाणबुड्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर बोलतात. २०४७ पर्यंत पूर्ण स्वावलंबी व्हायचं असं नौदलानं ठरवलेलं आहे, त्यामुळे ते बोलणंही गरजेचं आहे. पण यंत्र कितीही नवं आलं तरी ते कुणाच्या हातात द्यायचं, हे माणसंच ठरवतात. या शाळेत कोण येतं, आल्यावर त्याला काय शिकवलं जातं, आणि खालच्या पायरीवर आलेल्याला शिकून वर जाता येतं का, हे तीन प्रश्न त्या नियोजनाच्या मध्यभागी हवेत. आज ते कडेलाही नाहीत.

पलटणीनं दिलेली पाटी

आपल्याला हा विषय नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. गावच्या शाळेत ज्याला दाराबाहेर बसवलं जायचं, त्याच्या हातात छावणीनं पाटी दिली. रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकले, शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले तेही महूच्या छावणीत. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हेही फौजेतून निवृत्त झालेले. आपल्या चळवळीची पहिली वाचणारी-लिहिणारी पिढी मोठ्या प्रमाणात या लष्करी शाळांमधून आली.

मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढाऊ जमाती’ नावाचा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद झाली. १८९४ मध्ये वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारचं दार ठोठावलं. हे अर्ज नुसते नोकरीसाठी केलेले नव्हते. भरती बंद झाली म्हणजे पगार गेला, पेन्शन गेली आणि मुलांची शाळाही गेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार पलटण पुन्हा उभी राहिली. पंजाबातल्या मजहबी शिखांच्या पायोनियर पलटणींचं हेच झालं. १९३० च्या दशकात त्या मोडल्या आणि युद्ध आल्यावर त्या लोकांची आठवण परत झाली.

गरज पडली की घ्यायचं आणि गरज सरली की काढायचं, हा अनुभव आपल्या घराण्यांत जुना आहे. म्हणून सैन्यातल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा हे विचारलं पाहिजे : पाटी मिळणार आहे का, आणि किती दिवस?

टोपास ते हायजिनिस्ट

नौदलाचं वेगळेपण आधी मान्य करूया. भूदलात जाट, राजपूत, मराठा, महार अशा नावांच्या पलटणी आहेत. नौदलात तसं काही नाही. भरती देशभरातून होते आणि एका जहाजावर केरळचा, बिहारचा, मणिपूरचा, विदर्भाचा माणूस एकाच मेसमध्ये जेवतो. गावात ज्याला चहाचा वेगळा कप मिळायचा, त्याला गणवेशानं बरोबरीची जागा दिली, असं सांगणारे माजी खलाशी आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि मी ते हलकं लेखत नाही.

पण जहाजावर संडासही असतात. ते साफ करणाऱ्याला ब्रिटिश काळापासून ‘टोपास’ म्हणायची पद्धत होती. मूळ हा शब्द पोर्तुगीज वंशाचं नातं सांगणाऱ्या मिश्र समाजातल्या शिपायांसाठी वापरला जायचा. पुढे तो जहाजावरच्या सफाई कामगाराला चिकटला आणि नौदलातली सफाईची शाखाही याच नावानं ओळखली गेली. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हे नाव चाललं. आता त्या जागी ‘हायजिनिस्ट’ आहे. नाव बदललं, पण सफाई ही एक वेगळी शाखा आहे आणि तिच्यात कमीत कमी शिकलेला मुलगा जातो, ही रचना बदलली नाही.

त्या शाखेत कोणत्या समाजाची किती मुलं आहेत, याची आकडेवारी सरकार जाहीर करत नाही. पण आपल्या देशात सफाई कोणाच्या वाट्याला येते, हे समजायला आकडेवारीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय मुद्दा फक्त जातीच्या टक्क्याचा नाही, प्रशिक्षणाचा आहे. चार वर्षं शेफ म्हणून काढलेल्या मुलाला बाहेर हॉटेलात, केटरिंगमध्ये काम मिळू शकतं. चार वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्याला कारखाना आहे, गोदी आहे. चार वर्षं स्वच्छतागृहं सांभाळलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर कोणतं कौशल्य लिहिणार? बाहेर त्याची वाट हाउसकीपिंगचा कंत्राटदारच पाहणार. आजोबांच्या कामापासून निघालेला नातू देशाची सेवा करून परत आजोबांच्याच कामावर येणार असेल, तर त्या प्रशिक्षणात काही तरी मुळात चुकलं आहे.

कुणी म्हणेल, जहाज कुणीतरी साफ ठेवायलाच हवं. अगदी बरोबर. डेक धुणं, पितळ घासणं, आपला मेस स्वच्छ ठेवणं ही नौदलातली जुनी शिस्त आहे आणि ती सगळ्या खलाशांना शिकवली जाते. मग शौचालयांसाठीच कायमची शाखा कशाला? पाळी लावा. ज्याला रडार चालवायला शिकवता येतं त्याला ब्रश धरायलाही शिकवता येईल. आणि ज्याच्या हातात आज ब्रश आहे, त्याला रडारही शिकवता येईल. एक शाखा बंद करणं हा नौदलासाठी फार मोठा खर्च नाही. जातिअंताच्या दृष्टीनं मात्र ते कुठल्याही भाषणापेक्षा मोठं पाऊल ठरेल.

‘तलवार’ ही एक शाळा होती

१९४६ चं नौदल बंड आपण पाठ्यपुस्तकात दोन ओळींत वाचतो. ते जिथं सुरू झालं ती ‘एचएमआयएस तलवार’ युद्धनौका नव्हती. मुंबईत कुलाब्याला असलेलं ते संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं, म्हणजे एक शाळा. १८ फेब्रुवारी १९४६ ला तिथल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि वरिष्ठाच्या शिवीगाळीविरुद्ध काम बंद केलं. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. २३ फेब्रुवारीला त्यांनी शरणागती पत्करली.

हे बंड शाळेतच का पेटलं? तिथली मुलं शिकलेली होती. संदेश पाठवणं-वाचणं त्यांचं काम, बातमी त्यांच्या हाती आधी यायची. साहेब ज्या कामात तरबेज तेच काम आपणही करतो, मग शिवी का ऐकायची, हा प्रश्न त्यांना पडला. शिक्षण नुसतं कौशल्य देत नाही, अपमान ओळखायलाही शिकवतं. महात्मा फुल्यांपासून आपण हेच ऐकत आलो आहोत.

त्या बंडामागचं दुसरं कारण क्वचितच सांगितलं जातं. युद्धकाळात चांगल्या नोकरीची आणि भविष्याची आश्वासनं देऊन मुलं भरती केली होती. युद्ध संपलं आणि हजारोंना घरी पाठवायची तयारी सुरू झाली. पुढं काय करायचं, याचं उत्तर कुणी देत नव्हतं. संतापात ही अस्वस्थताही मिसळलेली होती.

चार वर्षांनी काय?

हा धडा आज परत वाचायची वेळ आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के लोक कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी आणि निरोप. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. नौदलाची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस ओडिशातल्या आयएनएस चिल्काला दाखल झाली आणि २८ मार्च २०२३ ला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. सुमारे २,६०० जणांच्या त्या तुकडीत २७३ मुली होत्या. या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात.

या योजनेचे आर्थिक आणि लष्करी गुणदोष इथं बाजूला ठेवतो. शिक्षणाचं काय झालं ते पाहू. पूर्वी आर्टिफिशर अप्रेंटिस म्हणून आलेल्या मुलाला लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी किंवा जामनगरचं आयएनएस वलसुरा अशा संस्थांमध्ये दीर्घ प्रशिक्षण देऊन पक्का तंत्रज्ञ केलं जायचं. किमान १५ वर्षांची नोकरी असल्यामुळे नौदलालाही त्याच्यावर खर्च करणं परवडायचं. त्या वर्षांत खलाशी परीक्षा द्यायचा, बढती घ्यायचा, दूरशिक्षणातून पदवी मिळवायचा. खलाशातून अधिकारी होण्याची ‘कमिशन वर्दी’ योजना आहे. ती वाटही चांगले शेरे, परीक्षा आणि सेवेची वर्षं मागते. ज्याच्या घरी शिकवणी लावायला पैसे नव्हते, त्याला नोकरीत राहून शिकायची ही दुसरी संधी होती.

चार वर्षांत ती दुसरी संधी फार अरुंद होते. पहिले काही महिने मूलभूत प्रशिक्षण, मग कामाचं प्रशिक्षण, मग समुद्र. जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच, आपण त्या २५ टक्क्यांत येतो की नाही, ही धास्ती सुरू होते.

सरकारनं यावर दोन उपाय जाहीर केले. दहावीवर आलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी, आणि बारावीवर आलेल्यांना इग्नूची तीन वर्षांची पदवी, जिचे ५० टक्के श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणातून मिळतील. कागदावर हे चांगलं आहे. पण पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपल्याला एक गोष्ट अनुभवानं माहीत आहे. पदवी आणि पदवी यांत फरक असतो. कॉलेजातून बाहेर पडल्यावर आपल्या हातात कागद होता, पण मुलाखतीत त्याची किंमत दुसराच कुणी ठरवत होता. या पदवीच्या निम्म्या श्रेयांकांत हायजिनिस्टला नेमकं काय शिकवलेलं दाखवणार? ती घेऊन व्यापारी जहाजावर, बंदरात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये दार उघडेल का? याचं उत्तर तुकडी बाहेर पडायच्या आधी द्यायला हवं. नंतर दिलेल्या उत्तराचा त्या पोरांना उपयोग नाही.

अधिकाऱ्याचं दार

आता दुसरं टोक. नौदलाचे अधिकारी केरळमधल्या एळिमला इथल्या भारतीय नौदल अकादमीत घडतात. ८ जानेवारी २००९ ला तिचं उद्घाटन झालं. तिथं बी.टेक. शिकवलं जातं, पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. शिकायला पैसे लागत नाहीत, बाहेर पडला की अधिकारी. आपल्या घरातल्या मुलामुलींसाठी यापेक्षा चांगली शाळा कुठली? पण दार कसं आहे ते बघा.

बारावीनंतरच्या बी.टेक. प्रवेशासाठी भौतिक, रसायन, गणित मिळून ७० टक्के गुण लागतात, इंग्रजीत ५० टक्के, आणि जेईई मेनचा क्रमांक. क्रमांक सर्वसाधारण यादीतला, प्रवर्गाचा नाही. म्हणजे जी मुलगी अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून एनआयटीत जाऊ शकते, ती या दारापाशी थांबते. खडकवासल्याच्या एनडीएची लेखी परीक्षा फक्त हिंदी आणि इंग्रजीत होते. सैन्याच्या लढाऊ पदांना आरक्षण लागू नाही, मग ते खलाशाचं पद असो की अधिकाऱ्याचं.

आणि मग एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत. तिथं भरायच्या माहितीपत्रकात आई-वडिलांचं शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न विचारलं जातं. छंद, खेळ, सहली, शाळेत सांभाळलेल्या जबाबदाऱ्या विचारल्या जातात. मीही अशा एका मुलाखतीला बसलो होतो. आईच्या शिक्षणाच्या रकान्यात ‘निरक्षर’ लिहिताना माझा हात अडखळला आणि सहलीच्या रकान्यात लिहायला ऊसतोडीच्या निमित्तानं फिरलेली गावं होती. कुणी मला वाईट वागवलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण गटचर्चेत माझ्या शेजारची मुलं जितक्या सहज बोलत होती, ती सहजता त्यांना जेवणाच्या टेबलावर मिळालेली होती. आमच्याकडं टेबल नव्हतं. नेतृत्व म्हणून ज्याचे गुण मोजले जात होते, त्यात वारशाचा वाटा किती आणि गुणाचा किती, हे कुणी वेगळं काढत नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : देशाच्या संरक्षणात मेरिटशी तडजोड नको. हे म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी आठवून द्याव्यात. १९७७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली, कारण एनडीएत मराठी मुलं कमी जात होती. एका प्रांताची मुलं कमी आहेत, ही तक्रार योग्य मानली गेली आणि सरकारी पैशातून मुलांना तयार केलं गेलं. त्यामुळे देशाचं संरक्षण कच्चं झालं असं कुणी म्हटलं नाही. दुसरं, सैनिक शाळांमध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के आणि २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत. म्हणजे सैन्याकडे जाणाऱ्या वाटेवर प्रतिनिधित्व लागतं हे सरकारनं मान्य केलेलं आहे. प्रांताचं प्रतिनिधित्व चालतं, शाळेतलं चालतं. पुढच्या दारापाशीच ते मेरिटच्या आड कसं येतं?

मुलींच्या बाबतीतही हेच ऐकवलं जायचं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनडीएचं दार उघडायला लावलं आणि ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. दार उघडल्यावर मेरिट दिसलं, ते आधीही होतंच.

नियोजनात काय हवं

२ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजांचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. चांगलं झालं. पण शिवरायांचं आरमार चालवलं कुणी? खांदेरीच्या लढाईतला मायनाक भंडारी, जंजिऱ्याला शिड्या लावायला निघालेला लाय पाटील कोळी, दर्यासारंग, दौलतखान. धर्मशास्त्रं समुद्र ओलांडणं पाप ठरवत होती, तेव्हा भंडारी, कोळी, गाबीत, खारवी आणि मुसलमान दर्यावर्दी जहाजं हाकत होते. ध्वजावर हा वारसा आणायचा असेल तर तो वर्गातही आणावा लागेल. त्यासाठी पाच गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं.

पहिली, सफाईची वेगळी शाखा बंद करावी आणि ते काम सगळ्या खलाशांमध्ये पाळीनं वाटावं. आज त्या शाखेत असलेल्यांना दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण द्यावं.

दुसरी, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अग्निवीराच्या हाती असं तांत्रिक प्रमाणपत्र हवं, जे व्यापारी जहाजं, गोद्या आणि कारखाने मान्य करतील. नुसता शाबासकीचा कागद नको. आणि कोणत्या कामाच्या मुलाला काय शिकवलं, हे भरतीच्या जाहिरातीतच छापावं.

तिसरी, परीक्षेची भाषा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची कॉन्स्टेबल परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीशिवाय मराठीसह १३ भाषांत होते. सीमा सुरक्षा दलाचा जवान मराठीत परीक्षा देऊ शकतो, तर नौदलाचा खलाशी का नाही? इंग्रजी लागतेच, पण ती भरतीनंतर शिकवा. शाळा त्यासाठीच असते.

चौथी, पूर्वतयारी. औरंगाबादच्या धर्तीवर निवासी संस्था प्रत्येक राज्यात हव्यात आणि त्यांत आश्रमशाळा, समाजकल्याणच्या निवासी शाळा, एकलव्य शाळा यांतल्या मुलामुलींसाठी जागा राखीव हव्यात. एनसीसीचा नौदल विभाग किनाऱ्यावरच्या मोजक्या कॉलेजांपुरता राहू नये. गावाजवळ विज्ञान शाखाच नसेल, तर पुढची सगळी समान संधी हवेत राहते.

पाचवी, हिशेब. किती अर्ज आले, लेखीत किती उत्तीर्ण झाले, एसएसबीतून किती गेले आणि कोणत्या कामावर किती लागले, हे प्रत्येक टप्प्यावर सामाजिक प्रवर्गानुसार दरवर्षी प्रसिद्ध करा. नावं नकोत, आकडे पुरेत. जात पाहत नाही असं म्हणणाऱ्यानं आकडे दाखवायला घाबरू नये.

आपलं काम

सरकारकडं मागण्या करत असताना हातातलं कामही सोडू नये. हे वाचणारे बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. यातल्या कितीजणांना माहीत आहे की नौदलात एक शिक्षण शाखा आहे? तिचे अधिकारी खलाशांना आणि कॅडेटांना गणित, विज्ञान, तंत्रज्ञान शिकवतात. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांत ६० टक्क्यांनी एम.एस्सी. झालेले किंवा अभियांत्रिकीचे पदवीधर अल्प सेवा कमिशनमधून त्यात अर्ज करू शकतात. पदवीच्या गुणांवर यादी लागते, मग एसएसबी. आपल्यातले कितीतरी जण नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर राबत आहेत. त्यांनी वयाची अट बघून ही जाहिरात एकदा तरी वाचावी. शिकणाऱ्यांत आपले लोक हवेत, तसे शिकवणाऱ्यांतही हवेत. रामजी सकपाळांच्या शाळेतून काय निघालं, ते आपल्याला ठाऊक आहे.

ज्यांचं वय उलटलं, त्यांनी आपल्या जुन्या शाळेत जावं. दहावीच्या वर्गासमोर अर्धा तास उभं राहून सांगावं की गणित सोडलं तर कोणती दारं बंद होतात. ही माहिती आपल्याला वेळेवर कुणी दिली नव्हती. सवर्ण घरात ती मामा-काका देतात. आपल्या वस्तीतले मामा-काका आता आपणच आहोत.

त्या विद्यार्थ्याला अर्ज भर किंवा भरू नको, यातलं काहीच मी सांगितलं नाही. घरात पैशांची गरज आहे आणि गणवेशाचा मान काय असतो ते मलाही कळतं. त्यानं अर्ज भरला. पसंती विचारली तर शेफ सांगेन म्हणाला. जाता जाता त्यानं आणखी एक विचारलं. त्याची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे, गणितात बरी आहे, तिला अकरावीला कुठं घालावं?

तालुक्याच्या गावी विज्ञान शाखा आहे, मुलींचं सरकारी वसतिगृहही आहे. अर्जाच्या तारखा मी त्याच्या वहीत लिहून दिल्या आणि खाली दोन विषयांची नावं लिहून त्यांवर रेघ ओढली : गणित आणि भौतिकशास्त्र.

जय भीम.